हिरवे कार्ड आणि दातांवरील डाग

वर्षातून दोन वेळा, एकदा एप्रिलात उन्हाळा चढत असता व पुन्हा ऑक्टोबरात पावसाळा ओसरल्यावर, महाराष्ट्रातील गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होते आणि तीवरून त्या त्या ग्रामपंचायतीस एक रंगीत कार्ड देण्यात येते. विहिरीचा कठडा फुटलेला आहे काय, हातपंपाच्या ओट्याभोवती सांडपाणी साचते काय, नळाच्या व्हॉल्व्हला गळती आहे काय, ब्लीचिंग पावडरचा साठा पुरेसा व ताजा आहे काय, जलसुरक्षक नेमलेला असून तो काम करतो काय, गावात गेल्या काळात पाण्यापासून साथ उद्भवली काय, अशा प्रश्नांस गुण देऊन जोखीम मोजतात. जोखीम शेकडा ७० किंवा त्याहून अधिक भरल्यास लाल कार्ड, ३० ते ६९ भरल्यास पिवळे आणि त्याखाली राहिल्यास हिरवे, असा क्रम आहे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकविणाऱ्या ग्रामपंचायतीस चंदेरी कार्ड मिळते.

ही योजना उत्तम आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. लाल कार्ड आले म्हणजे सरपंच धावपळ करतो, पावडर येते, ओटा दुरुस्त होतो. आणि शिक्षेच्या भीतीने का होईना, काम होते ही गोष्ट लहान नव्हे. परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या वाचकांच्या नजरेस आम्ही एक निराळीच बाब आणू इच्छितो. ती अशी की, हे कार्ड ज्या रोगांविषयी बोलते ते रोग जंतूंचे आहेत. पटकी, हगवण, कावीळ, विषमज्वर हे त्यांपैकी होत. परंतु आपल्या प्रांतातील खडकांतून पाण्यात जो दुसरा दोष उतरतो त्याविषयी हे कार्ड जवळजवळ मुके आहे. गावास हिरवे कार्ड असावे, ते पंचायतीच्या भिंतीवर अभिमानाने लावलेले असावे, आणि त्याच गावातील शाळेत मुलांनी हसताच त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसावे, यात काही विसंगती नाही. ते पट्टे फ्लोराइडचे होत, व त्यांची परीक्षा प्रयोगशाळेतच होते.

हा दोष आपल्याकडे कसा शिरला हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

झाडीपट्टीचे जुने पाणी तलावाचे व उघड्या विहिरीचे होते. मालगुजारांच्या काळी गावोगाव बांधलेले तलाव व शेतांतील लहान बोड्या हे धानाचे पाणी. आणि त्यांच्या पाळीखालच्या विहिरी हे माणसांचे पाणी. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व ते तलाव सरकारकडे गेले. ‘माजी मालगुजारी’ या नावाची अद्याक्षरे घेऊन लोक त्यांस मामा तलाव म्हणू लागले, हे येथे कोणास सांगावयास नको. हे पाणी वरचे असल्याने त्यात क्षार कमी असत, पण जंतू भरपूर असत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायातील नारू त्याच पाण्यात आपली पिले सोडी व ती पाण्यातील बारीक किड्यांच्या वाटे दुसऱ्याच्या पोटात जात. आमच्या तरुण वाचकांनी नारूचे नावही ऐकले नसेल. भारतातील त्याचा शेवटचा रोगी १९९६ सालचा, व २००० साली आपला देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. उघड्या पाण्यापासून लोकांस दूर नेल्यामुळे जे साधले त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दूर नेले ते हातपंपाकडे. १९७२ च्या दुष्काळानंतर कठीण खडकात खोल भोक पाडणारी यंत्रे महाराष्ट्रभर फिरू लागली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली. सोलापूर व जालना येथे मिशनऱ्यांच्या खटपटीने मजबूत पोलादी पंप पूर्वीच तयार झाले होते. त्यांपैकी सोलापूरच्या पंपाच्या धर्तीवर ‘इंडिया मार्क टू’ हा पंप बनला व तो पुढे देशोदेशी गेला. बोरिंगचे पाणी स्वच्छ, थंड व जंतूंपासून पुष्कळ अंशी मुक्त. पटकीच्या साथींस त्याने पुष्कळ आळा घातला. पण खोल गेलेले पाणी खडकाशी वर्षानुवर्षे संगत करून येते, आणि संगतीचा गुण त्यास लागतोच.

आपल्या दोन जिल्ह्यांचा खडक एकजात नाही. पश्चिमेस वरोऱ्याकडे काळा दगड, वर्धा नदीच्या काठाने कोळशाचे थर व वाळूचा दगड, राजुरा-कोरपन्याकडे चुनखडी, आणि पूर्वेस गडचिरोलीच्या अरण्यात फार पुरातन असा ग्रॅनाइटच्या जातीचा दगड. या ग्रॅनाइटजातीच्या दगडात व त्यापासून झालेल्या गाळात फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजे असतात. ज्या पाण्यात चुना कमी व सोड्याचा अंश अधिक, त्या पाण्यात हे फ्लोराइड सहज विरघळते. म्हणूनच एकाच गावात एका हातपंपाचे पाणी निर्दोष व शंभर पावलांवरील दुसऱ्याचे दूषित, असे घडते. शेजारच्या बोरिंगचा दाखला आपल्या बोरिंगला लागू पडत नाही. प्रत्येक भोकाचे पाणी स्वतंत्र तपासावे लागते.

येथे आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. गडचिरोलीकडील पुष्कळ हातपंपांचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते व घटकाभर घागरीत राहिले की तांबूस होते. त्यात लोह असते आणि हवा लागताच त्याचा गंज तळाशी बसतो. अशा पाण्याने भात काळसर होतो, कपड्यांवर डाग पडतात, तोंडास लोखंडाची चव येते. म्हणून बायका तो पंप सोडून नाल्याच्या झऱ्यावर जातात. लोहाने माणसाचे फारसे बिघडत नाही. नाल्याच्या पाण्याने मात्र बिघडू शकते. याच्या उलट फ्लोराइडास रंग नाही, वास नाही, चव नाही. ज्या पंपाचे पाणी सर्वांत गोड म्हणून गाव वाखाणते, तोच पंप कधी कधी सर्वांत वाईट निघतो. जिभेची साक्ष येथे घेऊ नये.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे असे आहे, व जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ हीच आहे. त्यापलीकडे पहिला परिणाम दातांवर होतो. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच, म्हणजे सुमारे आठव्या वर्षापर्यंत, हा दोष त्यात शिरतो. प्रथम खडूसारखे पांढरे ठिपके, मग आडवे पिवळे व तपकिरी पट्टे. दात एकदा असा उगवला की घासून, औषधाने वा पाणी बदलून तो सुधारत नाही. प्रमाण अधिक असून वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर पाठ, मान व गुडघे ताठरू लागतात. माणसास वाकून रोवणी करता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, आणि तो त्यास वाताचे दुखणे समजून मालिश करीत बसतो.

बाजारात बैल घेताना आपण त्याचा जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय पैसे मोजीत नाही. स्वतःच्या मुलाचा जबडा मात्र किती शेतकऱ्यांनी त्या नजरेने पाहिला असेल याची आम्हांस शंका आहे. बैलांच्या दातांवरही हे डाग पडतात. तेव्हा गोठ्यात व घरात दोन्ही ठिकाणी ते दिसल्यास पाण्याची तपासणी लांबणीवर टाकू नये.

आता उपायांकडे वळू. परंतु त्यापूर्वी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत, कारण त्यांपायी सुशिक्षित घरेही फसलेली आम्ही पाहतो. पहिला असा की पाणी उकळल्याने सर्व दोष जातात. उकळण्याने जंतू मरतात हे खरे. पण फ्लोराइड वाफेबरोबर उडून जात नाही, पाणी आटते तसे ते उलट दाट होते. दुसरा असा की ब्लीचिंग पावडर टाकली की झाले. पावडर जंतूंचा शत्रू आहे. खडकातून आलेल्या क्षाराशी तिचे काही वैर नाही. ज्या गावाने लाल कार्डाच्या भीतीने पावडर टाकून हिरवे कार्ड मिळविले, त्याच्या पाण्यातील फ्लोराइड पूर्वी होते तेवढेच राहिले.

असे असले तरी पावडरीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. घरच्या किंवा शेतातील विहिरीवर उन्हाळ्यात सारा टोला पाण्यास येतो असे आपल्यापैकी अनेकांचे असते. अशा विहिरीच्या मालकाने पावडरीचा हिशेब स्वतः शिकून घ्यावा, जलसुरक्षकाची वाट पाहू नये. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्यास त्यानेच गुणावे, पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. आलेल्या आकड्यास १००० ने गुणिले म्हणजे लिटर निघतात. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास २८,२६० लिटर. स्वच्छ पाण्यास हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणजे या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असल्यास याहून अधिक, आणि पावडर जुनी असल्यास त्याहूनही अधिक. कारण उघड्या पोत्यात दमट जागी पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो व उरतो तो केवळ चुना. तिचा उग्र वास गेला असेल तर तिचा भरवसा धरू नये.

पावडर विहिरीत तशीच फेकण्याची जी रीत पडली आहे ती चुकीची आहे. बादलीत थोड्या पाण्याने तिची पातळ लापशी करावी, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे, पाच-दहा मिनिटे निवळू द्यावे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्याखाली सोडावी व वर-खाली हिसके द्यावे, म्हणजे औषध सर्वत्र मिसळते. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. हे रात्री उपसा थांबल्यावर केले तर उत्तम. निदान एक तास तरी पाण्यास हात लावू नये. तासाभराने ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकून पाणी पिवळसर होते की नाही हे आरोग्यसेवकाकडून पाहून घ्यावे. तासानंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे.

रोज हा खटाटोप होत नसेल त्यांच्यासाठी दुहेरी मडक्याची युक्ती आहे. सुमारे ३० सेंटिमीटर उंच व २५ सेंटिमीटर रुंद अशा मडक्यात दुसरे लहान मडके बसवावे. आतल्याला काठाजवळ व बाहेरच्याला बुडापासून ४ सेंटिमीटरवर, एकेक सेंटिमीटरचे छिद्र पाडावे. एक किलो पावडर व दोन किलो जाड वाळू किंचित ओलवून आतल्या मडक्यात छिद्राच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरावी, बाहेरच्याचे तोंड प्लास्टिकने बांधून ते पाण्याखाली निदान एक मीटर सोडावे. साडेचार हजार लिटरांच्या लहान विहिरीस, उपसा बेताचा असल्यास, दोन-तीन आठवडे हे पुरते. मोठ्या विहिरीस एका मडक्याने भागत नाही.

विहिरीच्या मालकाकडून आणखी काही अपेक्षा आहेत, व त्या स्पष्ट सांगणे भाग आहे. खताचा खड्डा, गोठ्याचा ओघळ आणि शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. शेण व युरिया या दोहोंतून नायट्रेट पाण्यात उतरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असलेले पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलास धोक्याचे, आणि तेही उकळण्याने जात नाही. कठडा पाऊण मीटर उंच व भोवती निदान एक मीटर रुंदीचा उताराचा ओटा असावा. आणि कापसावर वा धानावर फवारणी करून आलेला पंप विहिरीच्या ओट्यावर धुण्याची जी सवय आहे, ती आजच बंद करावी. त्या एका धुण्याने जे विहिरीत जाते ते काढण्यास कोणतीही पावडर समर्थ नाही.

फ्लोराइडाकडे परत येऊ. ते काढून टाकण्याचे उपाय आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जीस सर्व ‘नीरी’ म्हणून ओळखतात, तुरटी, चुना व पावडर घालून फ्लोराइड तळाशी बसविण्याची रीत शोधिली. हल्लीच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याचे नाव तिला मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे त्याच संस्थेने सूर्यशक्तीवर चालणारे विजेचे संयंत्रही प्रयोगादाखल उभारले. या रीती शास्त्राच्या दृष्टीने पक्क्या आहेत. पण तुरटीचे प्रमाण पाण्यागणिक बदलते, साचलेला गाळ योग्य जागी टाकावा लागतो, संयंत्राची देखभाल नित्य करावी लागते. आणि माणूस बदलला, पैसे संपले की यंत्र बंद पडते व लोक मुकाट्याने जुन्या पंपाकडे जातात. म्हणून आमचे मत असे आहे की, जेथे निर्दोष पाण्याचा दुसरा ठाव आहे तेथे दूषित पाणी शुद्ध करण्यापेक्षा पाणीच बदलावे.

असा ठाव पुष्कळ ठिकाणी असतो. वैनगंगेसारख्या नदीच्या वाहत्या पाण्यात फ्लोराइड सामान्यतः कमी असते. तलावाच्या पाळीखालील उथळ विहिरीचे पाणीही बहुधा खोल बोरिंगपेक्षा बरे निघते. म्हणजे जे पाणी आपण जंतूंच्या भयाने सोडले, त्यासच आता गाळून व औषध घालून परत आणावयाचे आहे. मामा तलावांचा गाळ काढण्याचे काम निघते तेव्हा आपण एकरी किती धान वाढेल एवढाच हिशेब करतो; त्या तलावाखालच्या पिण्याच्या विहिरीचाही हिशेब त्यात धरावा.

ज्यांचे पाडे नदी-तलावापासून दूर आहेत त्यांनी पावसाचा विचार करावा. आपल्याकडे वर्षास बाराशे मिलिमीटरांच्या आसपास, पूर्वेस त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरांच्या छपरावर ६०,००० लिटर पाणी येते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोजचे ३० लिटर धरले तर पावसाळ्याबाहेरील आठ महिन्यांस ७,२०० लिटर पुरतात. म्हणजे छपराच्या पाण्याचा आठवा हिस्साही साठवावा लागत नाही. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यावे, कवेलूंवरील पालापाचोळा पावसापूर्वी झाडावा, टाके झाकलेले व अंधारे असावे, आणि त्यातही माफक पावडर घालावी. टाक्याचा खर्च होतो हे खरे. परंतु एका बोरिंगपायी आपण जो खर्च करतो तो आठवून पाहावा.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले व माणशी ५५ लिटर पाणी घरोघर नळाने देण्याचे ठरले. दुर्गम टोल्यांत हातपंपाच्याच बोरिंगमध्ये सूर्यशक्तीवर चालणारा दुसरा पंप बसवून, उंचावर टाकी ठेवून नळ देणाऱ्या लहान योजनाही झाल्या. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु नळ आला म्हणजे पाणी बदलले असे समजू नये. बोरिंग तेच असेल तर पाणीही तेच, फक्त तोटीतून येते. आपल्या नळाचे पाणी कोठून येते, आणि त्या जागेचा रासायनिक अहवाल काय, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. व ज्याच्या शब्दास गावात वजन आहे त्याने ते विचारले नाही तर इतर विचारतील हा संभव थोडा.

शेतकऱ्याच्या हितास थोडा मुरड घालणारा एक मुद्दा राहतो. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास बंदी घातली होती. पुढे २००९ चा व्यापक अधिनियम झाला व त्यातही पिण्याच्या पाण्याच्या जागांस संरक्षण आहे. उन्हाळी धानासाठी योजनेच्या विहिरीलगत बोरिंग मारल्याने योजना मार्चातच कोरडी पडते, आणि मग सारा गाव ‘पिण्यास अयोग्य’ असा फलक लावलेल्या पंपावर पुन्हा रांग धरतो. तो फलक वाचता येणारेही त्या रांगेत असतात, कारण तहान वाचीत बसत नाही. अयोग्य ठरलेला पंप बुजविण्याची गरज नाही; धुण्यास व भाजीच्या वाफ्यास त्याचे पाणी चालते. पण चांगले पाणी जवळ नसेल तर फलकाचा उपयोग नाही. थोडेच चांगले पाणी मिळत असेल, तर ते प्रथम आठ वर्षांच्या आतील मुलांस व गर्भार स्त्रियांस द्यावे, आणि भातही त्यातच शिजवावा. कारण भात आधणाचे पाणी शोषून घेतो व त्यातील फ्लोराइड ताटात येते.

तपासणी कठीण नाही. जंतूंच्या परीक्षेसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी, नमुना थंड ठेवून एका दिवसाच्या आत पोचवावा. रासायनिक परीक्षेसाठी स्वच्छ प्लास्टिकचा डबा त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावा, वर त्या ठिकाणाचे नाव, दिनांक व घेणाऱ्याची सही असावी. जंतूंची परीक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, आणि क्षारांची निदान एकदा व्हावी असा दंडक आहे. ती एकदा उन्हाळ्यातच, पाणी खोल गेलेले असता करून घ्यावी, व आलेला आकडा कार्डाशेजारी त्याच भिंतीवर लावावा.